ययातीतल्या वाऱ्यांचा नकाशा

नकाशा म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? भूगोलाच्या पुस्तकातला महाराष्ट्र, निळ्या रेघांच्या नद्या, तपकिरी सह्याद्री आणि परीक्षेत नेमकी विसरणारी एखादी उपनदी! मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे आधी वर्गखोलीचा नकाशा होतो, मग शाळेचा, मग गावाचा. या साऱ्या नकाशांत एक गोष्ट सारखी असते. त्यातला डोंगर उद्याही तिथेच असणार, नदी तिथेच असणार आणि एस.टी. स्टँडही तिथेच असणार.

आज मात्र मी तुम्हाला वाहत्या वाऱ्याच्या नकाशाची गोष्ट सांगणार आहे. हा वारा आपल्या पृथ्वीवरचा नाही, बरं का! तो वाहतो दूर आकाशात, ययाती नावाच्या तारकासमूहातल्या एका प्रचंड ढगात. आणि हा वारा सोडतात कोण, तर नुकतेच जन्माला येत असलेले तारे!

कृत्तिकांचा पुंजका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मृग नक्षत्राच्या पुढे रोहिणी आणि तिच्याही पुढे हा इवलासा झुबका. आता हात लांब करा आणि मूठ मिटा. त्या मुठीची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. कृत्तिकांपासून उत्तरेकडे मुठीएवढे किंवा त्याहून थोडे कमी अंतर गेलात की तुम्ही त्या ढगाच्या भागात पोहोचलात. पण डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही. दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत दिसतात ते काळे पट्टे, जणू कुणी ताऱ्यांवर शाई सांडली आहे! हा ढग पावसाचा नव्हे. तो आहे वायूचा आणि अतिशय बारीक धुळीचा. तो सुमारे १०० प्रकाशवर्षे लांब आहे आणि त्यात आपल्या सूर्यासारखे जवळजवळ १०,००० सूर्य घडतील एवढा ऐवज आहे. आतली थंडी म्हणाल तर शून्याखाली २६० अंशांहूनही जास्त. आणि अंतर? सुमारे १,००० प्रकाशवर्षे. म्हणजे आज आपल्यापर्यंत पोहोचलेला तिथला प्रकाश निघाला, तेव्हा ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायला अजून अडीचशे वर्षे होती.

अशाच काळ्याकुट्ट ढगांत तारे जन्मतात. ढगाचा एखादा दाट भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आक्रसू लागतो. चहूकडून वायू मधे ओढला जातो, मधला गोळा तापत जातो आणि पुढे त्याचा तारा होतो. ऐकायला सोपं वाटतं ना? पण यात एक मोठी अडचण आहे.

उभ्याउभ्या गिरकी घेऊन पाहा. आधी हात पसरा, मग फिरता फिरता हात छातीशी घ्या. काय होतं? गिरकीचा वेग एकदम वाढतो. (आजूबाजूला कपाट, मेज नाही ना, ते आधी बघा!) ढगाचा तुकडाही सुरुवातीला हळूहळू फिरत असतो. तो आक्रसला की त्याची गिरकी वाढते आणि फिरणाऱ्या वायूची मधल्या बाळताऱ्याभोवती एक चपटी तबकडी तयार होते. आता गोफण आठवा. गरगर फिरणाऱ्या गोफणीतला दगड मधे येतो का? तो तर बाहेर पळायला बघतो. तबकडीतल्या वायूचेही तसेच. त्याची गिरकी कमी झाल्याशिवाय तो ताऱ्यावर पडू शकत नाही आणि तारा काही वाढत नाही.

मग बाळतारा करतो काय? जवळ आलेल्या वायूपैकी काही भाग तो परत फेकून देतो. साधारण दहा भाग आत घेतले तर एखादा भाग बाहेर. तबकडीतल्या चुंबकीय बलाच्या मदतीने हा वायू दोन्ही ध्रुवांकडून, एक झोत वर आणि एक झोत खाली, असा सुसाट सुटतो. जाताना तो जास्तीची गिरकी आपल्याबरोबर घेऊन जातो आणि उरलेल्या वायूला आत पडायची वाट मोकळी होते. या झोताचा वेग सेकंदाला १०० किलोमीटरच्या वरही असतो. सेकंदाला १५० किलोमीटर धरला, तर मुंबईहून निघालेला झोत 'एक' म्हणेपर्यंत पुण्यात! हा झोत वाटेतल्या शांत वायूला ढकलतो आणि तो वायूही दोन बाजूंना वाहू लागतो. हाच आपला वारा. शास्त्रज्ञ त्याला 'बहिर्वाह' म्हणतात. आपण वाराच म्हणू.

या वाऱ्यांच्या खुणा माणसाला बऱ्याच आधी दिसल्या होत्या, पण त्या कशाच्या हे कळले नव्हते. १८९० साली बर्नहॅम नावाच्या अमेरिकन निरीक्षकाला वृषभ राशीतल्या एका ताऱ्याजवळ धुरकट ठिपका दिसला. पुढे १९४०-५० च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज हर्बिग आणि मेक्सिकोत गिलेर्मो आरो यांनी असे आणखी ठिपके शोधले. दोघांनी वेगवेगळे काम केले, म्हणून त्या ठिपक्यांना दोघांचेही नाव मिळाले. झोत समोरच्या वायूवर आदळतो, तिथे वायू तापून चमकतो. तेच हे ठिपके. पण ढगाच्या पोटात वाहणारा थंड वारा दिसणार कसा? धुळीतून साधा प्रकाश बाहेरच येत नाही.

अंधारात दिसत नसेल तर आपण काय करतो? कान देतो. शास्त्रज्ञांनीही तेच केले. त्यांनी रेडिओ-दुर्बिणी लावल्या, कारण रेडिओ लहरींना ही धूळ अडवू शकत नाही. ढगात सर्वांत जास्त असतो हायड्रोजन, पण एवढ्या थंडीत तो अगदी मुका असतो. त्याच्या सोबतीला, दर दहा हजार रेणूंमागे एखादा या हिशेबाने, कार्बन मोनॉक्साइड असतो. हो, बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली की जो विषारी वायू तयार होतो, तोच! आपल्याला घातक, पण खगोलशास्त्रज्ञांचा लाडका. तो २.६ मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडत असतो. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांनी मृगातल्या तेजोमेघात ही 'हाक' पहिल्यांदा ऐकली.

हाक ऐकू आली, पण वारा कुठे वाहतो ते कसे कळणार? तुम्ही रेल्वेच्या फलाटावर कधी न थांबणारी मेल पाहिली आहे का? शिट्टी वाजवत ती जवळ येते तेव्हा आवाज बारीक, उंच असतो आणि पुढे निघून गेली की लगेच तो जाडा, खालच्या पट्टीतला होतो. इंजिनाची शिट्टी तीच, पण जवळ येताना लहरी दाटतात आणि दूर जाताना ताणल्या जातात. १८४२ साली डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हे सांगितले. वायूच्या रेडिओ लहरींचेही असेच होते. वायू सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असेल, तर लहरीची लांबी तीस हजारांत एक भाग एवढीच कमी होते. पण रेडिओ-दुर्बिणीला तेवढा फरक सहज कळतो. नकाशात आपल्याकडे येणारा वायू निळा रंगवतात आणि दूर जाणारा तांबडा. १९८० मध्ये स्नेल, लोरेन आणि प्लॅम्बेक यांनी वृषभ राशीतल्या एका ढगाचा असा नकाशा केला. त्यात मधे बाळतारा, एका बाजूला निळा लोळ आणि दुसऱ्या बाजूला तांबडा लोळ! एका ताऱ्याने दोन विरुद्ध दिशांना सोडलेला वारा तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट दिसला.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे आपलीही मोठी रेडिओ-दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तिथे शाळांच्या सहली जातात. तुमच्यापैकी कुणी गेला असाल तर ती तबकडी तारांच्या जाळीची आहे, हे पाहिलेच असेल. ती मोठ्या लांबीच्या लहरींसाठी बांधली आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटरच्या लहरी त्या जाळीतून पीठ चाळणीतून पडावे तशा आरपार जातील. म्हणून या कामाला गुळगुळीत, भरीव तबकडी लागते.

आता नकाशाकडे वळू. रेडिओ-दुर्बीण कॅमेऱ्यासारखा एकदम फोटो काढत नाही. ती आकाशातल्या एका छोट्या ठिपक्याकडे कान लावते, तिथले टिपून घेते आणि मग शेजारच्या ठिपक्याकडे वळते. हे वर्गात समजावताना माझे शब्द अपुरे पडायला लागले, तेव्हा आम्ही सरळ मैदानातच गेलो. ३६ मुले होती. सहाच्या सहा रांगा केल्या. दोघांमध्ये दहा-दहा पावलांचे अंतर. प्रत्येकाच्या हातात काठी आणि काठीला पतंगाच्या कागदाची पट्टी. मी शिट्टी वाजवली की आपली पट्टी कुठल्या दिशेला फडफडते ते पाहायचे आणि वहीत बाण काढायचा. बस्स!

मैदानाच्या मध्यभागी उभे राहायला सगळ्यांची झुंबड. पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात मात्र जायला कुणी तयार होईना. "बाई, तिथं वाराच नसतो," असा सगळ्यांचा सूर. शेवटी वर्गात फारसे न बोलणारी एक मुलगी काही न बोलता तिकडे जाऊन उभी राहिली. शिट्टी झाली, बाण निघाले. आणि टाकीमागून आवाज आला, "बाई, इथं वारा उलटा येतोय!"

सगळे तिकडे पळाले. खरेच की! मैदानभर वारा पूर्वेकडे चालला होता आणि टाकीमागे भिंतीला धडकून तो चक्क मागे फिरत होता. वर्गात येऊन आम्ही ३६ बाण मोठ्या कागदावर चिकटवले. सर्वांत जास्त गर्दी झाली ती त्या एका उलट्या बाणापाशी. त्या मुलीला मग दिवसभर प्रत्येक जण विचारत होता, "तुला कसं कळलं गं?" आणि ती प्रत्येकाला नीट समजावून सांगत होती.

ययातीच्या ढगाचा नकाशाही असाच ठिपक्याठिपक्याने झाला, फक्त मैदान फार मोठे होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या १४ मीटर व्यासाच्या रेडिओ-दुर्बिणीने हे काम केले. तिला ३२ 'कान' होते, म्हणजे एका वेळी अनेक ठिपके टिपता येत. एकेक ठिपका चंद्रबिंबाच्या रुंदीच्या चाळिसाव्या भागाएवढा. आणि आकाशाचा भाग केवढा? सुमारे १६ चौरस अंश. पौर्णिमेचे ऐंशी चंद्र शेजारी शेजारी मांडले तर जेवढी जागा भरेल तेवढा! त्यापूर्वी शास्त्रज्ञ बहुधा जिथे बाळतारे आहेत हे माहीत होते, अशाच ठिकाणी वारा शोधत. इथे मात्र ओसाड वाटणारे भागही सोडले नाहीत.

पण त्यातून एक नवीच पंचाईत झाली. माहितीचा डोंगर जमला! प्रत्येक ठिपक्यापाशी वेगवेगळ्या वेगांची माहिती. हे सारे एका कागदावर मावणार कसे? हेक्टर आर्से, मिशेल बॉर्किन, अॅलिसा गुडमन आणि त्यांच्या सोबत्यांनी यावर एक भन्नाट युक्ती केली. मेंदूच्या एम.आर.आय. तपासणीत डॉक्टरांना डोक्याच्या आतले अनेक काप मिळतात. ते जोडून संगणकावर अख्खा मेंदू उभा करणारा एक प्रोग्रॅम आहे, थ्री-डी स्लायसर नावाचा. या मंडळींनी त्यात मेंदूऐवजी ढग घातला! लांबी, रुंदी आणि उंचीच्या जागी वायूचा वेग. पडद्यावर ढगाचा एक घनाकार आकार उभा राहिला. शांत वायूचा भाग गुळगुळीत दिसला आणि जिथे वारा सुटला होता तिथे फणसाच्या काट्यासारखे टोक बाहेर आले. आता काम सोपे झाले. फणस फिरवून फिरवून पाहायचा आणि काटे मोजायचे!

त्यांचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. जुने, माहीत असलेले वारे तर सापडलेच, पण अनेक नवीन जागीही वाऱ्याची चिन्हे दिसली. त्यांतली बरीचशी अशा भागात होती की जिकडे पूर्वी फारसे कुणी पाहिलेच नव्हते. हे नवे वारे हिशेबात धरले, तेव्हा ययातीच्या ढगात वाऱ्याने वाहणाऱ्या वायूचा एकूण आकडा दुपटीहून जास्त झाला. म्हणजे निम्म्याहून अधिक वारा टाकीमागच्या कोपऱ्यात होता म्हणा ना!

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? तर त्यामागे एक मोठा प्रश्न आहे. ढगात वायू एवढा असतो, तर मग तो सगळाच्या सगळा कोसळून त्याचे तारे का होत नाहीत? प्रत्यक्षात असल्या ढगातला थोडासाच भाग ताऱ्यांच्या कामी येतो. कुणीतरी हा वायू सतत ढवळत असले पाहिजे. डाळ ढवळत राहिलो की ती तळाशी बसत नाही, तसेच. मग ढवळणारे हेच बाळतारे का? नकाशाने याचे दोन भागांत उत्तर दिले. जिथे बाळताऱ्यांची दाटी आहे, अशा वस्त्यांमध्ये वाऱ्यांचा जोर तेथला वायू ढवळत ठेवायला पुरेसा, किंबहुना जास्तच आहे. पण पूर्ण ढगाचा विचार केला तर तो पुरत नाही. म्हणजे सगळ्या ढगाला घुसळणारे आणखी कुणीतरी आहे. एका प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले आणि शोधायला नवा प्रश्नही मिळाला.

यातली मला फार आवडलेली गोष्ट सांगू? एक तारा वाढताना जे बाहेर टाकतो, त्याचा परिणाम शेजारच्या, अजून न जन्मलेल्या ताऱ्यांवर होतो. कुठे वायू उधळून जातो आणि तारा होता होता राहतो. एका घरातली भावंडेच म्हणा ना. एकाच्या दंग्याचा दुसऱ्याच्या वाढीशी संबंध येतोच. आई-बाबांना विचारा, ते लगेच मान डोलावतील!

याच ढगातल्या एका बाळताऱ्याचा फोटो २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जेम्स वेब या अवकाश-दुर्बिणीने पाठवला. धुळीतून आरपार पाहू शकणारे अवरक्त किरण ती टिपते. त्या जागेचे नाव आहे एच.एच. २११. यातला 'एच.एच.' म्हणजे मघाचेच हर्बिग आणि आरो. त्यात मधे काळोख आहे. बाळतारा स्वतः दिसतच नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र गुलाबी, निळसर झोत सरळ रेषेत सुटलेले दिसतात आणि टोकाला नावेपुढच्या लाटेसारख्या कमानी. त्या ताऱ्याचे वजन अजून सूर्याच्या आठ टक्केच आहे. ग्रंथालयात किंवा संगणकावर हा फोटो मिळाला तर जरूर पाहा. नाव आठवणीत ठेवा, एच.एच. २११.

आणि पाहताना हेही लक्षात ठेवा की, सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी आपला सूर्यही असाच बाळतारा होता. त्याच्याभोवतीही तबकडी होती. तिच्यातला बराचसा वायू सूर्यात पडला. काही भाग झोताबरोबर दूर निघून गेला. जो थोडासा ऐवज ना आत पडला ना बाहेर गेला, असा मधल्यामधे राहिला, त्यातून ग्रह झाले. त्यातलीच एक आपली पृथ्वी. तिच्यावरची माती, समुद्र, तुमच्या पाटीवरची पेन्सिल आणि ती धरणारा तुमचा हात, हे सारे त्या उरलेल्या ऐवजातले.

डिसेंबरमधल्या एखाद्या निरभ्र रात्री, दहाच्या सुमारास, कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येतात. उभ्याने पाहिले तर मान दुखते. म्हणून गच्चीवर किंवा अंगणात सतरंजी टाका, स्वेटर घाला आणि आई-बाबांनाही शेजारी आडवे व्हायला सांगा. कृत्तिका सापडल्या की उत्तरेकडे एक मूठ मोजा. तिथे तुम्हाला नुसता काळोख दिसेल. पण आता तुम्हाला ठाऊक आहे की त्या काळोखात वारा सुटला आहे.